मोजणी

दुपारी सव्वादोनला वीज गेली.
बाहेर जळगाव सेहेचाळीसवर.
जनरेटर दोनदा खोकला, मग तोही गप्प.

फ्रीजरमध्ये एका अल्पाकाचा मेंदू,
केसापेक्षा पातळ कापांत,
चोवीस-चोवीस खणांच्या ट्रेमध्ये
न गोठणाऱ्या गोडसर पाण्यात निजलेला.
उणे वीस.
उणे सतरा.
उणे तेरा, आणि माझ्या मानेवरून घामाचा ओघळ.

थर्माकोलचा डबा स्कूटरच्या पायापाशी ठेवून
गिरणेचा पूल ओलांडला. खाली नदी म्हणजे नुसती वाळू.
फाटकाजवळ युनूसभाई पिंजारींचा कुल्फीचा कारखाना.
त्यांचा जनरेटर कधी खोकत नाही.

"काय शे त्यामा?"
"मेंदू. अल्पाकाचा."
ते थांबले. "खावाना?"
"नाही, मोजायचा."
मग आंबा आणि पिस्त्याच्या मधे त्यांनी जागा केली,
काही न बोलता,
लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुण्याला करतात तशी.

कसं सांगू त्यांना:
उंटाचा लांबचा भाऊबंद, अंगावर मेंढीहून मऊ लोकर,
जिथे माणसाला चार पावलांत धाप लागते
तिथल्या गवतावर वाढलेला.
चाळीसचा आकडा त्याच्या सात पिढ्यांनी ऐकला नसेल,
आणि आज तो इथे,
कुल्फीच्या काड्यांशेजारी.

माझे वडील चोपडा तालुक्यात भूकरमापक होते.
साखळी, झेंड्या, पाण्याची बाटली.
संध्याकाळी कानांतून काळी माती निघायची,
आणि दोन्ही भावकींच्या शिव्या पोटात ठेवून ते जेवायचे.
मी त्यांच्याच हातचं काम करते,
फक्त शेत नखाएवढं.
एका डोळ्याने कागद, एका डोळ्याने भिंग.
पेशी दिसली की त्रिकोण.
तंतू दिसला की रेघ.
दाट, मध्यम, तुरळक.
काहीच नसेल तिथे, वडिलांच्या दप्तरातला शब्द: निरंक.

मी शोधते ते एनकेफॅलिन,
शरीराने घरच्या घरी, परवान्याशिवाय काढलेली अफू.
रंग चढला की तपकिरी दिसते,
भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी,
फुंकर मारली तर उडेल अशी.
उंदरात तिची वस्ती कुठे, ते छापलेलं आहे. माणसातही.
या जनावराच्या कपाळामागे अजून
कुणी साखळी ओढलेली नाही.

वीज अकराला आली.
युनूसभाईंनी कुल्फी फुकट दिली, जागेचं भाडं मात्र घेतलं,
साठ रुपये, रीतसर पावती:
"उंटाचा मेंदू, नग एक."
ती मी प्रयोगवहीत चिकटवली.

पुढच्या जुम्म्याला नमाज आटोपून ते बघायला आले.
टोपी काढली, भिंगावर वाकले,
बराच वेळ उठलेच नाहीत.
"हाऊ ते पिंजेल कापूस शे, ताई."
त्यांच्या आजोबांची धनुकली अजून माळ्यावर आहे,
तार तुटलेली.
मग हळूच, भिंगातून डोळा न काढता:
"आन दुखनं? ते कोठे शे यामा?"

मी काटा फिरवला, जागा दाखवली,
इथे दाट, इथे विरळ.
पण ती दुखण्यावरच्या औषधाची जागा होती.
दुखण्याला हा रंग लागत नाही.
हे मी त्यांना सांगितलं, की नाही सांगितलं,
आता आठवत नाही.

चौदाव्या कापात, डाव्या बाजूला, काही नाही.
उजवीकडे आहे, डावीकडे कोरं.
पेन्सिल टेकवली होती, "नि" लिहून झालं होतं,
तेवढ्यात वडिलांचा फोन.
हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून विचारतात,
"झाली का मोजणी?"
मी ओरडून सांगितलं. काचेमागचा पोरगा दचकला.
तिकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"निरंक लिहिण्याआधी
एकदा पायी फिरून ये."

"नि" खोडला.
फ्रीजरमधून शेजारचा काप काढला, सातव्या खणातला,
औषध दुप्पट घेतलं
आणि रात्रभर भिजत घातला.